अन्नसाखळीतला एक प्राणी नाहीसा झाला तर दुसरा त्याची जागा घेतो का?

कधी घेतो, कधी नाही. पण आधी सांगा, जागा म्हणजे नक्की कुठली?

तुमच्या प्रश्नात तुम्ही लिहिलंय की गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार अशी साखळी असते. त्यातून बेडूक गेला तर साप दुसरं काहीतरी खाईल, मग बिघडलं कुठे, असं तुमचं म्हणणं. तुमच्या प्रश्नात हा बेडूक दिसला आणि उत्तर लिहायला घेतलं. याच बेडकावरून माझं एका ज्येष्ठ सहशिक्षकांशी वाजलं होतं आणि माझ्या मनातून ते अजून गेलेलं नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. सहामाहीत तळ्यातल्या अन्नजाळ्याची आकृती विचारली होती. एका मुलीने बेडूक दोनदा काढला: पाण्यात बेडूकमासा आणि काठावर मोठा बेडूक. बाण खाल्ल्या जाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे जातो. तिने शेवाळाकडून बेडूकमाशाकडे बाण, बेडूकमाशाकडून चतुराच्या (ड्रॅगनफ्लायच्या) अळीकडे बाण, आणि उडत्या चतुराकडून परत बेडकाकडे बाण काढला होता. पेपर तपासणाऱ्या त्या सरांनी अख्ख्या आकृतीवर लाल रेघ मारली. शेजारी शेरा दिला, ‘बेडूक द्वितीय भक्षक आहे. बाण उलटा जात नाही.’ मी विचारायला गेलो तर म्हणाले, “पुस्तकात बेडूक एकदाच आहे.”

पुस्तकात असेल, तळ्यात नाही. मी तळ्याचं पाणी, शेवाळलेले दोन-चार दगड, बेडूकमासे आणि चतुराच्या अळ्या एका पांढऱ्या ट्रेमध्ये घालून वर्गात आणल्या. बेडूकमाशाचं पोट जवळून बघा. पातळ कातडीतून आतडं दिसतं, घड्याळातल्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं. शेवाळासारखं अन्न पचवायला एवढी लांबी लागते. त्याचा बेडूक होताना हेच आतडं आखडून कितीतरी तोकडं होतं, कारण पुढे त्याला किडे खायचे असतात. तोंडाशी बारीक दातांच्या ओळी असतात. त्यांनी तो दगड खरवडत जातो आणि हिरव्या दगडावर त्याच्या मागे स्वच्छ पट्टे उमटतात. आता हा प्राणी ‘द्वितीय भक्षक’, म्हणजे वनस्पती खाणाऱ्यांना खाणारा, कसा, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

चतुराची अळी गाळाच्या रंगाची असते आणि तळाशी निपचित पडून राहते. तिचा खालचा ओठ लांब असतो, मधे सांधा असलेला, डोक्याखाली दुमडून ठेवलेला, टोकाला आकडे. बेडूकमासा टप्प्यात आला की तो ओठ सपकन पुढे येतो. ही हालचाल इतकी जलद असते की मुलांना फक्त आधीचं आणि नंतरचं दिसलं: आधी बेडूकमासा पोहत होता, नंतर तो अळीच्या तोंडात होता. मागच्या बाकांवरची पोरं पुन्हा पुन्हा पुढे येत होती.

तिसरा बाण ट्रेमध्ये दाखवता येत नाही, त्यासाठी तळ्याच्या काठावर बसावं लागतं. पूर्ण वाढलेली अळी एखाद्या काडीवर चढते, पाठीवर कात फाटते आणि चतुर बाहेर येतो. पंख ताठ होऊन वाळेपर्यंत त्याला धड उडता येत नाही, आणि तेवढ्यात बेडूक त्याला गट्ट करतो. म्हणजे दोघे एकमेकांना खातात. कोण कुणाला खाणार हे वय आणि आकार ठरवतात. सरांना ट्रे बघायला बोलावलं होतं, ते आले नाहीत. मुलीचे गुणही वाढले नाहीत. हे मला आजही डाचतं.

बरं, हे मी नवीन काही सांगत नाही. समरहेज आणि चार्ल्स एल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९२३ साली आर्क्टिकमधल्या बेअर बेटावरच्या जीवांची जी आकृती छापली ती बाणांनी गच्च भरलेली आहे. अन्नसंबंधांत भक्ष्याचा आकार किती महत्त्वाचा असतो हेही एल्टनने १९२७ सालीच मांडलं होतं. एका सरळ रेषेतली साखळी ही शिकवण्याची सोय आहे. सोयीवर गुण कापायचे नसतात.

आता तुमचा प्रश्न. बेडूक खरोखरच गेले तर काय होतं हे मध्य अमेरिकेतल्या पनामात दिसलं आहे. तिथल्या एल कोपे भागात २००४ साली बेडकांच्या कातडीला लागणाऱ्या कायट्रिड बुरशीची साथ आली आणि बेडूक भराभर मेले. ओढ्यातले बेडूकमासे संपले तसं दगडांवरचं शेवाळ वाढलं. जमिनीवर सापांच्या जातींची विविधता घटली आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच जातींचे साप रोडावले. सापांबद्दलचे हे निष्कर्ष २०२० साली ‘सायन्स’ या संशोधन-नियतकालिकात आले. बेडूक गेला की पाण्यातली एक आणि जमिनीवरची एक अशा दोन जागा रिकाम्या होतात, त्या मुलीच्या आकृतीत होत्या अगदी तशा. तुमचं म्हणणं सापांच्या मोजक्या जातींपुरतं खरं ठरलं. त्यांचं बरं चाललं. बहुतेकांना ‘दुसरं काहीतरी’ पुरेसं मिळालं नाही.

कधीकधी रिकाम्या जागेचा फायदा भलताच घेतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर रॉबर्ट पेन या परिसंस्था-अभ्यासकाने १९६३ पासून खडकाच्या एका पट्ट्यावरचे पायसास्टर जातीचे तारामासे काढून टाकले. त्यांच्या जागी दुसरा शिकारी आला नाही. ते ज्यांना खायचे त्या शिंपल्यांनी खडक व्यापत नेला. १९६६ च्या त्याच्या निबंधात त्या पट्ट्यावरच्या १५ जातींच्या ८ झाल्याची नोंद आहे.

एक सांगायचं राहिलं. प्रत्येक जातीच्या जाण्याने एवढी उलथापालथ होत नाही. काही जाती गेल्या तर त्यांचं काम करणारे इतर शिल्लक असतात. आणि सगळेच बेडूकमासे शेवाळावर जगत नाहीत, काही मांसाहारीही असतात. त्यामुळे कुठला प्राणी गेला, कुठून गेला आणि त्याच्या कुठल्या वयाला कोण खात होतं, एवढं कळल्याशिवाय ‘दुसरा जागा घेईल’ असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

आणि तुम्ही विद्यार्थी असाल तर बेडूक दोनदा काढा, खाली कारण दोन ओळींत लिहा. गुण कापले तर फेरतपासणी मागा आणि सोबत तळ्यातलं पाणी घेऊन जा.