वाचक विचारतात : चोवीस मुलं आणि एकेकट्याचा पाठ

प्रश्न : आमच्या मॉन्टेसरी वर्गात तीन ते सहा वयाची २४ मुलं आहेत आणि आम्ही दोघी ताई. एका मुलाला घेऊन बसलं की बाकीची भोवती गोळा होतात, नाहीतर धिंगाणा घालतात. प्रत्येकाला वेगळं शिकवणं जमवायचं कसं?
– बालवाडी शिक्षिका, सातारा

उत्तर : मुलं गोळा होतात, कारण ताईशिवाय करण्यासारखं त्यांच्यापाशी काही नसतं. एकेकट्याचा पाठ म्हणजे शिकवणी नव्हे. तीन ते पाच मिनिटांत एक कृती दाखवायची आणि उठायचं. पुढचा वेळ मूल आणि साधन, म्हणजे ठोकळे, अक्षरं असं त्याने हाताळायचं सामान. हिशेब मांडून बघा. नऊ ते साडेअकराच्या सत्रात पहिला अर्धा तास मुलं ओळखीचं काम घेऊन स्थिरावतात. उरलेल्या दोन तासांत एक ताई घाई न करता दहा-बारा पाठ देते. म्हणजे प्रत्येकाला साधारण दिवसाआड एक नवी गोष्ट, आणि तेवढी पुष्कळ झाली. दुसरीने त्या वेळी सांडलेलं, भांडलेलं, शू-शी बघावं. दोघीही पाठ द्यायला बसल्या की वर्ग हातातून सुटतो.

मात्र जूनच्या पहिल्या आठवड्यात हे सुरू करू नका. सुरुवातीचे पाच-सहा आठवडे चटई गुंडाळणं, खुर्ची आवाज न करता सरकवणं, तबक दोन्ही हातांनी धरून चालणं, दाणे ओतणं, बटणं लावणं यांतच जाऊ द्या. आणि एक गोष्ट सगळ्यांना मिळून, छोटं नाटुकलं करून दाखवा : ताई कामात असेल तर तिच्या खांद्यावर हात ठेवून गप्प उभं राहायचं. हे शिकवायचं राहून गेलं की दिवसभर ‘ताई, ताई’ ऐकावं लागतं.

आता पाठ. दट्ट्यांचा लाकडी ठोकळा घ्या : दहा भोकं, त्यांत बसणारे दहा गोल दट्टे, प्रत्येकाला वर छोटी मूठ. सुरुवातीला दट्ट्यांची जाडी बदलत जाते तो ठोकळा बरा. तो मुलाला स्वतः उचलून आणू द्या. तुम्ही उजखोऱ्या असाल तर मुलाच्या उजवीकडे बसा, म्हणजे तुमचा हात त्याला नीट दिसतो. मूठ अंगठा आणि दोन बोटांनी धरा; पुढे पेन्सिलही तशीच धरायची असते. हात चालू असताना बोलू नका. बोललात तर मूल तोंडाकडे बघतं, हाताकडे नाही. दट्टे काढा, मिसळा, एकेक करून जागी ठेवा, मग ‘आता तू’.

बारीक दट्ट्या जाड भोकात आरामात जातो; मुलाला वाटतं, जमलं! शेवटी एक जाड दट्ट्या हातात उरतो आणि तो कुठेच बसत नाही. इथे ताईचा हात शिवशिवतो. हात मागे ठेवा. चूक साधनानेच दाखवलेली असते. तुम्ही ‘अगं, तो तिकडे’ म्हणालात की पुढच्या वेळी मूल ठोकळ्याकडे न बघता तुमच्याकडे बघेल. दट्टे आपटायला किंवा गाडी म्हणून पळवायला लागलं तर मात्र ‘आज ठेवू या, उद्या पुन्हा घेऊ’ म्हणून ठोकळा जागेवर ठेवायला लावा.

नोंदीसाठी प्रत्येक मुलाचं एक पान आणि साधनापुढे त्रिकोण. दाखवलं की एक बाजू, सराव करतंय तर दुसरी, आपलं आपण नीट येतं तेव्हा तिसरी. ही नोंद वर्ग सुटल्यावर लगेच करा. शनिवारी आठवून भरलेल्या वहीवर माझा तरी विश्वास नाही.

प्रश्न : खरखरीत अक्षरं (पॉलिशपेपरची, बोटांनी गिरवायची) मी क, ख, ग, घ अशी क्रमाने देते. मुलं घ आणि ध यांत फार गोंधळतात.
– शिक्षिका, नाशिक

उत्तर : क्रम सोडा. एका वेळी दोन-तीनच अक्षरं, दिसायला आणि ऐकायला वेगळी, उदाहरणार्थ म, क, ल. घ-ध, भ-म, प-ष या जोड्या एकत्र नकोत. एक पक्कं झाल्यावर काही आठवड्यांनी दुसरं.

पाठाच्या तीन पायऱ्या. पहिली : दोन बोटांनी, लिहितो त्या दिशेने गिरवत ‘हा म’. दुसरी : ‘म दाखव’, ‘क माझ्या हातावर ठेव’, ‘ल पालथा घाल’. ही सगळ्यात लांब आणि गमतीची असू द्या. तिसरी : बोट ठेवून ‘हे कोणतं?’ दुसरीत मूल अडखळलं तर तिसरीवर जायचं नाही. ‘चुकलं’ न म्हणता अक्षरं उचलायची आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पहिलीपासून. गोंधळ बहुतेक वेळा होतो तो दुसरी पायरी उरकून टाकल्यामुळे. घरी अक्षरं करणार असाल तर बारीक दाण्याचा पॉलिशपेपर वापरा. जाडाभरडा बोटांना टोचतो आणि मूल अक्षर टाळतं.

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. महिनाभर फक्त पाणी ओततोय. त्याच्याच वयाची मुलगी अक्षरं गिरवते. ताई त्याच्याकडे दुर्लक्ष करतात का?
– पालक, पुणे

उत्तर : एकदा बाहेरून दहा मिनिटं बघायची परवानगी मागा. थेंब सांडल्यावर तो थांबून पुसतो, पुन्हा भरतो, आजूबाजूला बघत नाही? मग त्याचं काम चालू आहे, हलवू नका. ओतता ओतता इकडेतिकडे बघत असेल, पाण्याचा जग तसाच सोडून उठत असेल, तर ते काम त्याला सोपं झालंय. ताईंना विचारा, ‘पुढचं काय दाखवलं?’ नरसाळ्याने बाटलीत ओतणं, एका जगातून दोन पेल्यांत सारखं ओतणं, रंगाच्या रेघेपर्यंतच भरणं, असं बरंच आहे. शेजारच्या मुलीचा विषय काढू नका.

प्रश्न : प्रत्येक साधन एकच का? दोन आणले तर रडारड थांबेल.
– संस्थाचालक, कोल्हापूर

उत्तर : आणू नका. दुसऱ्याचं काम संपेपर्यंत थांबणं मुलं त्यातूनच शिकतात. फळीवर परत ठेवलं की मग घ्यायचं, हातातून नाही. वाट बघणाऱ्याला शेजारी बसून, हात पाठीमागे धरून बघू द्या. त्यातला पाठ पुष्कळदा तिथेच होऊन जातो.