पवनचक्की जाहिरातीत, पैसा तेलात

प्रश्न : तेल कंपन्यांच्या जाहिरातीत हल्ली जिकडेतिकडे पवनचक्क्या नि सोलर पॅनल दिसतात. खरंच एवढं करतायत का नुसता देखावा? ओळखायचं कसं? – एक वाचक, ठाणे

उत्तर : जाहिरात बघून नाहीच कळत, पैसा कुठे लावलाय ते बघायचं. बीपीचंच घ्या ना. २००० साली या ब्रिटिश कंपनीने हिरवा-पिवळा फुलासारखा लोगो आणला आणि 'बियॉन्ड पेट्रोलियम' म्हणजे पेट्रोलियमच्या पलीकडे अशी घोषणा केली. आता ती अगदीच थाप होती असं नाही, सोलरचा धंदा होता त्यांचा, आपल्याकडे बंगळुरूत टाटांबरोबर टाटा बीपी सोलर होती, पण तो पसारा तेलाच्या मानाने चिमूटभर आणि २०११ मध्ये तोही गुंडाळायला घेतला. ग्रीनवॉशिंग, म्हणजे पर्यावरणप्रेमाचा नुसता देखावा, असंच असतं, चिमूटभर खरं असतं म्हणून तर ते पचतं. मधे २०१० ला मेक्सिकोच्या आखातात यांच्याच विहिरीवर डीपवॉटर होरायझन या तेल खोदणाऱ्या रिगचा स्फोट झाला, ११ कामगार गेले नि ८७ दिवस तेल समुद्रात जात राहिलं.

पुढे २०१९ मध्ये पुन्हा स्वच्छ ऊर्जेच्या जाहिराती, तेव्हा क्लायंटअर्थ नावाच्या वकिलांच्या संस्थेने तक्रार केली की तुमचा वर्षाचा ९६ टक्क्यांहून जास्त खर्च तर तेल नि गॅसवरच होतो. जाहिराती थांबल्या. २०२० ला कंपनीने सांगितलं की २०३० पर्यंत तेल-गॅसचं उत्पादन ४० टक्क्यांनी कमी करू, २०२३ ला ते २५ वर आलं, आणि २०२५ ला सगळंच सोडून तेल-गॅसमधली गुंतवणूक वाढवून वर्षाला १० अब्ज डॉलर!

आणि हो, 'तुमचा कार्बन फूटप्रिंट किती', म्हणजे तुमच्या रोजच्या जगण्यातून किती कार्बन हवेत जातो, हे लोकांना मोजायला लावणाऱ्या जाहिराती पण यांच्याच बरं का. म्हणजे हिशोब तुम्ही-आम्ही द्यायचा.

तर 'नेट झीरो', म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा भरून काढून हिशोब शून्यावर आणू असं वचन, वाचलं की आधी बघा कशाचं झीरो. बऱ्याचदा फक्त स्वतःच्या रिफायनऱ्या आणि ऑफिसांचं असतं, गिऱ्हाइकाच्या गाडीत जळणारं पेट्रोल-डिझेल त्यात धरतच नाहीत, आणि बहुतेक धूर तर तिथलाच. २०५० चं टार्गेट मोठ्या अक्षरात असेल तर पुढच्या दोन-तीन वर्षांत नव्या विहिरींवर किती खर्च करणार ते वार्षिक अहवालात शोधा, सापडतं.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम काढलेत, 'ग्रीन', 'इको-फ्रेंडली' असं मोघम लिहून भागत नाही, पुरावा लागतो. खटकलं तर जाहिरातीचा फोटो काढून ठेवा आणि ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.