स्पर्धेचं पिस्तूल रात्री उशाशी ठेवावं का?

तुमचा प्रश्न असा: तुम्ही टेक्ससमध्ये प्लेनोला राहता, वर्षभर सीझेड शॅडो २ हे स्पर्धेचं पिस्तूल घेऊन यूएसपीएसए या अमेरिकी नेमबाजी संघटनेच्या मॅच खेळताय. गल्लीत नुकत्याच दोन घरफोड्या झाल्या, घरात सहा आणि अकरा वर्षांची मुलं आहेत. तेच पिस्तूल घराच्या रक्षणासाठी ठेवावं की दुसरं घ्यावं?

मी बारा वर्षं ह्यूस्टनच्या बाजूला हाच खेळ खेळतोय आणि शॅडो माझ्याकडेही आहे. मॅचसाठी हलकं-मऊ करून घेतलेलं पिस्तूल जसंच्या तसं उशाशी ठेवू नका. पण त्याच घराण्यातलं दुसरं ठेवा, म्हणजे वर्षभराची मेहनत वाया जाणार नाही.

ज्या हत्यारावर हात बसलाय तेच बरं, हे तुमचं म्हणणं मला पटतं. शॅडो रिकामीच १३३० ग्रॅम भरते, सगळी पोलादाची, त्यामुळे धक्का फारसा जाणवत नाही आणि दुसरी गोळीही जागेवर पडते. हा गुण घरातही कामाचाच. फक्त ती एकदा वहिनींच्या हातात देऊन बघा. तुम्ही ऑफिसच्या दौऱ्यावर असाल तेव्हा घरात त्याच असणार आहेत. सीझेडची स्लाइड (मागे ओढून गोळी भरायचा वरचा भाग) फ्रेमच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, आतून धावते, म्हणून बोटांत धरायला तिचा भाग कमी मिळतो. माझ्या बायकोला ती ओढायला जड गेली, तेव्हाच माझा निम्मा निर्णय झाला होता.

आता ट्रिगर. आपल्याकडे स्पर्धेचं पिस्तूल म्हटलं की कोल्हापूरची राही सरनोबत आठवते. तिच्या २५ मीटर प्रकारात ट्रिगरचं वजन किमान १००० ग्रॅम असावं असा नियम आहे, म्हणजे साधारण सव्वादोन पौंड. आपल्या मॅचमधले लोकही काम करून घेऊन शॅडोचा सिंगल अ‍ॅक्शन ट्रिगर, म्हणजे हॅमर (पिनवर आदळणारा मागचा हातोडा) आधीच चढलेला असतानाची छोटी ओढ, त्याच्या आसपास आणतात. रेंजवर ते चालतं, कारण तिथे नेम लागल्यावरच बोट आत जातं. रात्री दोन वाजता दचकून उठलेल्या माणसाचं तसं नसतं. एका हाताने दाराची मूठ घट्ट धरली की दुसऱ्या हाताची बोटंही नकळत आवळली जातात. त्या वेळी समोरच्या अंधारात तुमचा अकरा वर्षांचा मुलगा पाणी प्यायला उठलेला असू शकतो. म्हणून घरातल्या पिस्तुलाची पहिली ओढ लांब आणि जड हवी. मी यात तडजोड करत नाही.

दुसरी गोष्ट बरेच जण पिस्तूल घेताना विचारतच नाहीत. शॅडो २ मध्ये फायरिंग पिन ब्लॉक नाही. ट्रिगर पूर्ण ओढेपर्यंत काडतुसावर आदळणारी पिन अडवून धरणारा हा छोटा तुकडा ट्रिगर गुळगुळीत व्हावा म्हणून काढलेला आहे. शिवाय डीकॉकर, म्हणजे चढलेला हॅमर गोळी न उडवता खाली आणणारा खटका, तोही तिला नाही. पहिली ओढ लांब हवी तर हॅमर खाली हवा. मॅचला आपण हॅमर अंगठ्यात धरतो, ट्रिगर ओढतो आणि हॅमर हळूच खाली सोडतो. तिथे पुढ्यात मातीचा बांध असतो आणि शेजारी रेंज ऑफिसर उभा असतो. तेच काम रोज रात्री झोपण्याआधी, भरलेल्या चेंबरवर, बेडरूममध्ये करायचं? अंगठा एकदा घसरला तर गोळी सुटू शकते.

काडतुसांबद्दल माझाच अनुभव सांगतो. शॅडोत मी स्वतः हलकी हॅमर स्प्रिंग बसवली होती आणि मऊ प्रायमरची (प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडाची, ठोका बसताच पेटणारी टोपी), घरी भरलेली काडतुसं वापरत होतो: १४७ ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला ८८० फूट, म्हणजे पॉवर फॅक्टर (वजन गुणिले वेग, भागिले हजार) १२९. मॅचमधल्या 'मायनर' या खालच्या गटाला किमान १२५ लागतो, तो भागतो. एका रविवारी दुकानातली होलो पॉइंटची, म्हणजे पोकळ तोंडाच्या, आत शिरल्यावर उमलणाऱ्या गोळीची, ५० काडतुसं घेऊन गेलो. तिसऱ्याच गोळीला नुसतं 'टक्' झालं. पन्नासात चार उडाली नाहीत. एक काडतूस उचलून उन्हात धरलं तर प्रायमरवर नखाने दाबल्यासारखा उथळ खळगा होता; हलक्या स्प्रिंगमुळे ठोका पुरेसा जोरात बसला नव्हता. मॅचमध्ये त्याची किंमत दोन सेकंद असते. त्या संध्याकाळी मूळ स्प्रिंग परत घातली आणि घरासाठी वेगळं पिस्तूल बघायला लागलो.

गोळी जाते कुठे, हा प्रश्न मला पिस्तुलाच्या निवडीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. आपण पुण्या-नाशिकच्या विटांच्या घरांत वाढलो. इथल्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीच्या दोन बाजूंना अर्ध्या इंचाचे जिप्समचे पत्रे. ९ एमएमची साधी गोळी अशा कितीतरी भिंती पार करते. होलो पॉइंटचं तोंडही कधीकधी जिप्समने बुजतं आणि मग ती न उमलताच पुढे जाते. आम्ही दोघांनी एका शनिवारी दुपारी, हातात काहीही न घेता, बेडरूमच्या दारात उभं राहून पाहिलं. ज्या भिंतीमागे मुलं झोपतात तिथे रंगाऱ्याची निळी टेप लावली. टेप लावून झाली तेव्हा दारातून सुरक्षित अशी एकच दिशा उरली होती, जिन्याकडची. त्या दिवशी ठरलं की बाहेर शोधत फिरायचं नाही. मुलांना आपल्या खोलीत घ्यायचं, दार लावायचं, ९११ लावायचा आणि पलंगाच्या पलीकडे थांबायचं. तुमच्या घराचा नकाशा वेगळा असेल, पण टेप लावून बघाच.

मग घ्यावं काय? तुमच्यासाठी मी सीझेड एसपी-०१ टॅक्टिकल बघेन, नवं नाही मिळालं तर वापरलेलं. मुठीची ठेवण तीच, मॅगझिन तीच, वजन साधारण १.१ किलो. त्यात फायरिंग पिन ब्लॉक आहे आणि डीकॉकरही आहे. ग्लॉक ३४ सुद्धा चांगलं. १९९८ साली ते स्पर्धेसाठीच आलं, पण आतले सुरक्षेचे भाग ग्लॉक १७ चेच आहेत. त्याचा ट्रिगर मात्र कारखान्यातून आला तसाच ठेवा. कॉम्पेन्सेटर (नळीच्या तोंडाशी वायू वर सोडणारा भाग) आणि रुंद मॅगवेल (मॅगझिन पटकन घालायला मुठीखाली लावलेलं रुंद तोंड) घरी नकोत. बंद खोलीत कॉम्पेन्सेटरचा जाळ आणि आवाज दोन्ही अंगावर येतात. रेड डॉटची, म्हणजे लाल ठिपक्याने नेम दाखवणाऱ्या काचेची, सवय असेल तर तो जरूर ठेवा. पिस्तुलावर दिवा हवाच, आणि त्याशिवाय हातात वेगळी टॉर्च हवी, नाहीतर समोर कोण आहे हे बघायला तुम्ही नळी त्याच्यावरच रोखाल.

पेटी जमिनीला किंवा कपाटाला बोल्टने आवळलेली, बटणांची, अंधारात बोटांनी उघडता येईल अशी घ्या. टेक्ससच्या दंडसंहितेचं कलम ४६.१३ वाचा. निष्काळजीपणे ठेवलेलं भरलेलं हत्यार १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं, तर तो तुमचा गुन्हा ठरतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण आपल्या लोकांत ती विचारावीच लागते. ग्रीन कार्ड असेल तर हे वगळा. एच-१बी किंवा तत्सम व्हिसावर असाल, तर संघीय कायद्याने तुम्हाला बंदूकच काय, काडतूसही जवळ ठेवायला मनाई आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. टेक्ससचा परवाना ३१ ऑगस्टला संपतो. १ सप्टेंबरला तो नवा केलेला नसेल, तर कपाटातलं तेच पिस्तूल गंभीर गुन्हा ठरू शकतं आणि पुढची इमिग्रेशनची वाटही बंद होऊ शकते. तारीख आत्ताच कॅलेंडरवर टाका.

घाई करू नका. ह्यूस्टनकडे मॅचला याल तेव्हा कळवा, माझं एसपी-०१ घेऊन येईन. वहिनींनाही आणा, आधी त्यांना स्लाइड ओढून बघू दे. जी होलो पॉइंट घरी ठेवणार असाल त्यांची निदान २०० काडतुसं त्याच पिस्तुलातून न अडता गेली, तरच ते घरी न्या.