मॉन्झाच्या पहिल्या वळणावर जागा राखताना

मित्रा, आयरेसिंग या ऑनलाइन कार-शर्यतीच्या खेळात आरशात मागची गाडी मोठी दिसायला लागली की हात आपोआप स्टीअरिंग फिरवतात. ती सवय आधी मोड.

इटलीतल्या मॉन्झा या शर्यतीच्या ट्रॅकवर लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी आधी उजवं आणि लगेच डावं वळण येतं. जागा राखायची असेल तर ब्रेकच्या बरंच आधी उजवी, म्हणजे आतली बाजू धर आणि तिथेच राहा. मागच्याने बाजू बदलली म्हणून तूही बदललीस तर तो बचाव नाही, अडवणूक आहे. ब्रेक दाबल्यावर तर गाडीची रेषा हलवायचीच नाही. त्या क्षणी मागच्याला सुटायला वाटच नसते.

आतून वळण जास्त टोकदार पडतं, म्हणून नेहमीच्या खुणेच्या थोडं आधी ब्रेक लाव. नाहीतर गाडी बाहेर घसरून शेजारच्याला ढकलते.

तो शेजारी आलाच तर गाडीभर जागा सोड, थोडी जास्तच. इंटरनेटच्या विलंबामुळे पडद्यावरचं अंतर फसवं असतं. आयरेसिंगमध्ये जोराची टक्कर झाली की चूक कोणाचीही असो, दोघांनाही 4 इन्सिडंट पॉइंट, म्हणजे दंडाचे गुण, बसतात.

डाव्या वळणात तो आत येईल. येऊ दे. पुढचं कुर्व्हा ग्रांदे हे वळण उजवीकडे जातं, तिथे आतली बाजू तुझी असेल.