हॉस्पिटलवाले सिस्टरना फ्लूची लस सक्तीची करू शकतात का?

तुमची बहीण चिपळूणला खासगी हॉस्पिटलात सिस्टर आहे, मेअखेरपर्यंत फ्लूची लस घेतली नाही तर ड्यूटी लावणार नाही असं तिला सांगितलंय, आणि हे कायद्यात बसतं का असं तुम्ही विचारलंय. मी वकील नाही. सिंधुदुर्गात एकोणीस वर्षं वॉर्डात काढलेली सिस्टर आहे. याच विषयावरून मॅनेजमेंटशी माझं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही, म्हणून लिहितेय.

आधी एक सरळ सांगते. बहिणीला म्हणावं, लस घे. वाद नंतर घाल.

२०१९ ची चतुर्थी. चाकरमानी उतरायला लागले की आमच्याकडे तापाची गर्दी कशी होते ते कोकणात कुणाला सांगायला नको. त्यात निम्मा स्टाफ रजेवर. चतुर्थीच्या चार-पाच दिवस आधी माझ्या अंगात कणकण आली. फोन केला तर इन्चार्ज म्हणाल्या, "वरून निरोप आहे, कुणालाच सुट्टी नाही. क्रोसिन घे आणि ये." घरी राहिले असते तर पगार कापला असता, वर गणपतीची रजाही गेली असती. गेले. मास्क लावायचं डोक्यातही आलं नाही. तेव्हा साध्या वॉर्डात मास्क लावला तर नातेवाईक विचारायचे, टीबी झालाय काय.

चार नंबरला एक आजी होत्या, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या. त्यांना उठवून बसवताना त्यांचं तोंड माझ्या खांद्याशी यायचं. चहात बुडवलेलं बिस्किट तुटून कपात पडलं की लहान मुलीसारख्या हसायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांना ताप आला, पाचव्या दिवशी धाप. ऑक्सिजन लावून गोव्याला, बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पाठवलं. परत आल्या, पण वॉकर धरून चालायची उमेद गेली ती गेलीच. माझ्याकडूनच लागला का? स्वॅब ना माझा घेतला, ना त्यांचा. पण फ्लू लागल्यापासून एक ते चार दिवसांत दिसतो, आणि मी दिवस मोजलेत. लस मी घेतली नव्हती. का, तर "मला कधी ताप येत नाही."

कोविड ओसरल्यावर आमच्याकडे नोटीस लागली: सगळ्यांनी फ्लूची लस घ्यायची, पैसे पगारातून कापणार. दीड-दोन हजारांची सुई, आणि आमच्या वॉर्डात साफसफाई करणाऱ्या मावशीचा पगार आठ हजार. मावशी म्हणाली, "पैशे काय झाडाक लागतत?" मी मीटिंगमध्ये तेच शुद्ध भाषेत बोलले. तर मॅनेजमेंटच्या मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सिस्टर, ताप घेऊन ड्यूटीवर तुम्हीच आला होतात ना?" बोलावलं कुणी होतं, ते मात्र त्यांना आठवेना.

त्या रात्री रागाने मोबाईल घेऊन बसले. सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन हॉस्पिटलने २००५ मध्ये अशी सक्ती केली, अमेरिकेतली पहिली म्हणतात. ९७ टक्क्यांवर स्टाफने लस घेतली, पण वॉर्डातल्या नर्सेसची युनियन लढली आणि जिंकली. लस नको तर मास्क, एवढ्यावर आलं. कॅनडात ओंटारिओतल्या एका हॉस्पिटलचा तर "लस नाहीतर मास्क" हासुद्धा नियम २०१५ मध्ये लवादाने उडवला.

मॅडमना वाटलं मी लसीच्या विरोधात गेले. छे! लस चांगली जुळली त्या वर्षीसुद्धा साधारण ४० ते ६० टक्केच वाचवते. म्हणजे लस घेतलेल्यांतही काहींना ताप येणारच. मग त्या दिवशी घरी कोण बसवणार? पगारी रजा न देता लसीची सक्ती करणं म्हणजे स्टाफच्या दंडावर सुई मारून मालकाने हात झटकणं.

कायद्याचं म्हणाल तर, सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये कोविडच्या लसीबद्दल सांगितलं की कुणालाही जबरदस्तीने लस टोचता येत नाही, पण लोकांच्या आरोग्यासाठी वाजवी बंधनं घालता येतात. फ्लूच्या लसीची आरोग्य कर्मचाऱ्यांना सरकारची शिफारस आहे. खासगीत काय चालतं ते बहिणीच्या नेमणुकीच्या पत्रात बघा आणि वकिलाला दाखवा.

घ्यायची तर मिरगाच्या आधी घ्या. अंगात भिनायला दोन आठवडे लागतात आणि आपल्याकडे फ्लू पावसातच जोर धरतो. सुईने फ्लू होत नाही, दंड दुखतो, एखादा दिवस कसकस. हो, आधीच्या डोसला जोरात रिअॅक्शन आली असेल किंवा गियां बारे (हातापायांतली ताकद जाते तो नसांचा आजार) होऊन गेला असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मावशीचे पैसे शेवटी आम्ही चौघींनी भरले. "लस मोफत द्या, तापाची रजा पगारी द्या" असा अर्ज मी दिलाय, त्याला उत्तर नाही. आवक शिक्क्याची प्रत माझ्या कपाटात आहे. बहिणीला नमुना हवा असेल तर सांगा, फोटो पाठवते.