बेळगावचा तरुण भारत आणि नागपूरचा तरुण भारत एकच का? आणि कर्नाटकात मराठी पेपर वाचतं तरी कोण?

एकच नाहीत. नाव सारखं, घराणी वेगळी. बेळगावचा तरुण भारत १९१९ साली बाबुराव ठाकूर यांनी बेळगावातच काढला. गोंधळ होतो तो ग. त्र्यं. माडखोलकरांमुळं. १९४६ साली बेळगावला साहित्य संमेलन भरलं, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथंच झाला, आणि अध्यक्ष होते माडखोलकर, म्हणजे नागपूरच्या तरुण भारतचे संपादक. बास, एवढाच संबंध.

पण तुमचा दुसरा प्रश्न जिव्हारी लागला, म्हणून लिहायला बसलो. वाचतं कोण? आम्ही वाचतो. आमचं गाव बेळगावजवळच्या उचगावच्या बाजूचं. वेंगुर्ला रस्त्यानं बाची ओलांडली की शिनोळीला महाराष्ट्र सुरू. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. १ नोव्हेंबरला आम्ही म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलो आणि चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात. सोयरीक कुणाला विचारून तोडणार? माझी थोरली आत्या चंदगड तालुक्यातल्या कोवाडला दिलेली.

१९९१ च्या श्रावणात आज्जी गेली, सोमवारी पहाटे. गावात फोन नव्हता. सायकलवरून माणूस कोवाडला धाडला, पण ताम्रपर्णीला पाणी चढलेलं, तो वाटेतून माघारी आला. दुपारपर्यंत वाट बघितली आणि मग नेलंच. आत्याशिवाय. वडील संध्याकाळी माझ्या वहीचं पान फाडून बेळगावला गेले. त्यावर त्यांनी उभ्यानं लिहिलेलं: पश्चात दोन मुलगे, तीन विवाहित मुली, सुना, नातवंडे असा परिवार. रक्षाविसर्जन बुधवारी सकाळी ८ वाजता. 'तीन' हा शब्द त्यांनी खोडून परत लिहिला होता, ते मला अजून दिसतं.

मंगळवारी पाणी उतरलं आणि पहिल्या एसटीनं पेपरचा गठ्ठा कोवाडला पोचला. हॉटेलात कुणीतरी निधनवार्ता मोठ्यानं वाचत होतं. आमच्या गावाचं नाव ऐकून आत्याचे दीर बाकड्यावरून उठले. बुधवारी सात वाजता आत्या दारात हजर, लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. आईचं तोंड बघायला मिळालं नाही, पण रक्षा तिनं स्वतःच्या हातानं भरली.

आमचे पुण्यातले दाजी वीस वर्षं एकच ऐकवत आलेत: "तुमच्या पेपरात निम्मं रक्षाविसर्जन आणि निम्मा सीमाप्रश्न, बातम्या कुठायत?" दाजी, हे उत्तर तुम्हीही वाचाल म्हणून स्पष्टच लिहितो. तुमच्या बहिणीच्या गावाला जाताना राज्य बदलत नाही. तुमच्याकडं सरकारी नोटीस तुम्हाला वाचता येईल अशा भाषेत येते. आमच्या आईला ती वाचता येत नव्हती. जमिनीच्या उताऱ्यावर काय लिहिलंय ते दुसऱ्याला विचारावं लागायचं. सगळ्या दिवसात स्वतः वाचता येईल असा छापील कागद तिच्या हातात एकच यायचा. १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार झाला, तेव्हा कोण गेलं, कुठल्या गावचं, हेही तिनं त्यातच वाचलं. तुमच्या पुण्याच्या पेपरात ती माणसं फक्त आकडा होती.

तुम्ही या विषयाचा अभ्यास करणार असाल तर संस्थापक, साल, आवृत्त्या एवढं उतरवून थांबू नका. जुने अंक मिळाले तर निधनवार्तांचं पान काढा आणि मुली कुठं दिल्यात ते गावागणिक लिहून घ्या. चंदगड, गडहिंग्लज, आजरा, खानापूर, निपाणी. सीमाप्रश्नाच्या आयोगापुढं नकाशे मांडण्यापेक्षा ही पानं मांडायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे.

एक मात्र सांगायला हवं. सीमाप्रश्नावर हा पेपर एका बाजूचा आहे आणि ते तो लपवत नाही. कन्नड माणसाचं म्हणणं समजून घ्यायचं तर कन्नड दैनिकंही वाचा. माझी मुलं दोन्ही वाचतात. आणि बेळगावात 'पुढारी' हा दुसरा मराठी पेपरही घरोघरी येतो, तेव्हा एकाच पेपरावर सगळं ठरवू नका.

आत्या गेल्या वर्षी वारली. बातमी व्हॉट्सॲपवर अर्ध्या तासात कळली. तिच्या सुनेनं नंतर मला हरिपाठाच्या पोथीत ठेवलेलं एक कात्रण आणून दिलं. घडीवर फाटलंय, पण 'तीन विवाहित मुली' अजून वाचता येतं.