‘समजलं ना?’ असं विचारू नकोस

प्रिय,

‘पेशंट मान डोलावतात आणि घरी जाऊन भलतंच करतात’ ही तुझी तक्रार वाचून हसू आलं. पहिल्या वर्षी मीही इन्चार्ज सिस्टरांकडे हेच रडगाणं गायले होते. त्यांनी उलट विचारलं, “तू त्यांना मान डोलावण्याशिवाय दुसरं काही करायला जागा ठेवलीस का?” तेव्हा मला राग आला होता.

मग एक आजोबा आले, हृदयाच्या त्रासाचे. डिस्चार्जच्या वेळी मी चार गोळ्या भराभर समजावल्या. त्यातली एक लघवी जास्त होण्याची, ती सकाळीच घ्यायची. “समजलं ना?” “हो हो, सिस्टर.” आठ दिवसांनी मनगट मोडून परत हजर. ती गोळी ते झोपताना घेत होते, रात्रीतून चार-चार वेळा उठत होते आणि अंधारात पडले. मी बोलत होते तेव्हा त्यांचं कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये होतं. अर्धंअधिक ऐकूच आलं नव्हतं. ‘हो’ म्हणाले ते माझी घाई पाहून.

पेशंट आडवा, आपण उभ्या, एक पाय पुढच्या बेडकडे. अशा वेळी ‘नाही समजलं’ म्हणायला छाती लागते. म्हणून प्रश्नच बदल. “मी नीट सांगितलं की नाही ते बघायचंय. उद्या सकाळी उठल्यावर कोणती गोळी घ्याल, दाखवा बरं.” चुकलं तर चूक आपल्या सांगण्यातली, त्यांची नाही. याला टीच-बॅक म्हणतात. तू ते परीक्षेपुरतं पाठ केलं असशील, आता वापर. आणि चारही गोळ्या एका दमात सांगू नकोस. एक सांग, वदवून घे, मग दुसरी.

ऐकू कमी येणाऱ्यांवर ओरडू नकोस. उतारवयात आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. स, श, फ अशी अक्षरं निसटतात. आवाज चढवला की पट्टीही चढते आणि ऐकणाऱ्याची पंचाईत वाढते. खालच्या पट्टीत, सावकाश बोल, आणि उजेड तुझ्या तोंडावर पडेल अशी उभी राहा. त्याआधी मशीन कानात आहे का, चालू आहे का, ते बघ.

दुखण्याचंही तसंच. “दुखत नाही ना?” यात उत्तर आपणच देऊन टाकतो. शून्य ते दहा आकडा विचारतेस ते ठीक, पण तो कधीचा? पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस निपचित पडून ‘दोन’ सांगेल. खोकायला लावून विचार, आठ निघतील. आणि खोकता येत नसेल तर छातीत कफ साठतो, म्हणून चार्टवर आठही लिहायचे.

आता तुझ्या सात नंबरच्या बाई. रिपोर्ट आल्यापासून रडताहेत, आणि तू ‘काही होत नाही, सगळं नीट होईल’ म्हणून आलीस. मीही हे शेकडो वेळा म्हटलंय, कारण त्याने आपली सुटका होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 च्या सुमारास नर्सिंगवर लिहिताना अशा पोकळ धीरावर चांगलाच राग काढलाय. पेशंटशी दारातून किंवा पाठीमागून बोलू नका, त्याला मान वळवावी लागणार नाही असं समोर बसा, हेही त्यांनीच लिहून ठेवलंय. आपण अजून सलाईन बघत बघत बोलतो.

उद्या खुर्ची ओढ आणि बस. “डॉक्टर काय म्हणाले, ते तुम्हाला काय वाटलं?” एवढंच विचार आणि गप्प राहा. पहिली दहा सेकंद फार लांब वाटतील. बीपीचं मशीन आवरायला घेऊ नकोस. रिपोर्टबद्दल असं काही विचारलं जे सांगणं तुझं काम नाही, तर “हे डॉक्टरांना विचारून सांगते” म्हण आणि ड्यूटी संपायच्या आत खरंच सांग. निरोप राहिला तर हँडओव्हरमध्ये, म्हणजे पुढच्या ड्यूटीच्या सिस्टरकडे काम सोपवताना, दे, नुसतं ‘पेशंट अस्वस्थ’ असं लिहून निघू नकोस.

त्या काय बोलल्या ते कळव. माझी या आठवड्यात नाइट आहे, फोन दुपारी चारनंतर कर.

तुझी,
सिस्टर